ॲम्प कुणी निवडायचा

लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, चारशे पाहुण्यांच्या समोर, उदयसिंहनं गाणं मध्येच थांबवलं आणि माईकवरनं सांगितलं, "मंडळी, आमच्या बेसवाल्या ताईंना जरा कमी ऐकू येतंय. सांभाळून घ्या."

लोक हसले. नवरा-नवरीही हसली. ड्रमच्या शेजारी बेस गिटार गळ्यात अडकवून उभी असलेली तेजस्वीही हसली. काय करावं ते सुचलं नाही म्हणून हसली, आणि त्या हसण्याचाच तिला इतका राग आला की घरी जाताना शिवाजी पेठेतल्या आपल्या गल्लीत वळायचं सोडून ती स्कूटर घेऊन सरळ रंकाळ्यापर्यंत गेली आणि तिथनं परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याजवळ तिची आई म्हणाली, "भांडी का आपटालीस?"

"कुठं आपटालोय."

"मग हे काय मी आपटालोय?"

"मी नवीन ॲम्प घेतो," तेजस्वी म्हणाली. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या दोघीही घेतो, जातो असंच बोलायच्या.

"घे की मग. त्या पातेल्यानं काय केलंय तुझं."

तेजस्वी एकतीस वर्षांची होती. सकाळच्या पाळीला दूध संघाच्या प्रयोगशाळेत टँकरमधल्या दुधाची तपासणी करायची, आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी 'उदय मेलडीज' या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची. चार वर्षं झाली होती. तिच्याकडचा ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, मुळात घरात सराव करायला घेतलेला, चाळीस वॅटचा, शिलाई मशीनच्या झाकणाएवढा. घरात तो गोड वाजायचा. स्टेजवर मोहितनं ड्रमवर पहिला ठोका दिला की त्यातला आवाज पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यागत व्हायचा. मोठा कार्यक्रम असला की साउंडवाला तिची वायर मिक्सरला घ्यायचा, त्यामुळे लोकांना काहीतरी घुमणारं ऐकू जायचं. तिला स्वतःला मात्र काही ऐकू यायचं नाही, कारण वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले दोन्ही स्पीकर उदयसिंहच्या पायाशी, त्याच्याच आवाजानं भरलेले. ती बोटांच्या सवयीवर वाजवत राहायची.

आणि उदयसिंह दर दोन-तीन कार्यक्रमांनी म्हणायचा, "बेस बेसूर येतोय."

तेजस्वी दरवेळी सूर तपासायचा ट्यूनर लावून बघायची. तार जुळल्याचा हिरवा दिवा लागायचा. तरी ती "सॉरी दादा" म्हणायची.

रविवारी दुपारी सगळे सरावाला जमले. उदयसिंहचं नळ-फिटिंगचं दुकान होतं, त्याच्या वरच्या खोलीत सराव चालायचा. तिथं त्यानं दोन बातम्या दिल्या. पहिली अशी की हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात दर शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम ठरला होता, सहा महिन्यांसाठी. दुसरी अशी की बेससाठी तो एक मोठा ॲम्प घेणार होता.

"पुण्यात बघून आलोय," तो हात डोक्याच्या वर नेत म्हणाला. "हे एवढं. फ्रीजएवढं. आठ स्पीकर. स्टेज कसं भरल्यागत दिसतंय."

"दादा, हॉटेलचा हॉल कितव्या मजल्यावर हाय?" तेजस्वीनं विचारलं.

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"असंल की."

"न्हाय," ड्रमवर बसलेला मोहित म्हणाला. तो आदल्या आठवड्यात तिथं जाऊन आला होता. "जिना हाय. तोबी वळणाचा."

"वेटर हाईत ना उचलायला."

"दर शुक्रवारी वेटर उचलणार?" तेजस्वी म्हणाली. "आणि एवढ्या लहान हॉलला आठ स्पीकर कशाला? मला माझा सूर मला ऐकू आला पाहिजे आणि शेवटच्या टेबलावर स्वच्छ गेला पाहिजे. माझ्या स्कूटरवर बसला पाहिजे. मी माझा घेतो, माझ्या पैशानं."

उदयसिंह तिच्याकडं बघून हसला. तसा तो वाईट माणूस नव्हता, वेळेवर मानधन द्यायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं की धावून यायचा. पण ते हसणं तेजस्वी चार वर्षं बघत आली होती. "तुला काय कळतंय त्यातलं, तेजू," तो म्हणाला. "तू वाजीव फक्त. बाकीचं मी बघतो."

तेजस्वीनं गिटार बॅगेत घातली आणि चेन इतक्या जोरानं ओढली की तिचं टोक हातात आलं.

मंगळवारी, प्रयोगशाळेतली पाळी संपल्यावर, ती मोहितला घेऊन राजारामपुरीतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेली. मोहितला घ्यायचं कारण एवढंच की त्याच्याकडं ड्रम वाहायची मारुती व्हॅन होती. दुकानाचे मालक त्र्यंबकराव काउंटरमागनं उठून पुढं आले आणि मोहितला म्हणाले, "या पावणं. काय दाखवू?"

"बेसचा ॲम्प," तेजस्वी म्हणाली. "दर आठवड्याला दोन कार्यक्रम हाईत. दीडशे माणसांचा हॉल. सोबत ड्रम."

"बजेट काय धरलंय?" त्र्यंबकरावांनी मोहितला विचारलं.

"मी ड्रम वाजवतो," मोहित म्हणाला. "यांना पाहिजे."

"हां हां," म्हणत त्र्यंबकरावांनी मान हलवली आणि मोहितच्याच खांद्यावर हात ठेवून त्याला आतल्या बाजूला नेलं. तिथं कमरेएवढा उंच ॲम्प उभा होता. बटण दाबल्याबरोबर त्याच्या जाळीमागं निळे दिवे लागले आणि फिरायला लागले. पुढच्या बाजूला चांदीच्या अक्षरात पाचशे वॅट लिहिलं होतं. "हे घ्या," ते मोहितला म्हणाले. "लग्नात असलं लावलं की लोक मोबाईल काढून शूटिंग करत्यात."

तेजस्वी ॲम्पच्या मागं जाऊन खाली बसली. मागच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला तिला मोबाईलचा दिवा लावावा लागला.

"मागं एकशेवीस लिहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"पुढं पाचशे वॅट, मागं एकशेवीस. मागचा आकडा सलग किती ताकदीनं चालतंय त्याचा असतो. मग पुढचा कशाचा हाय?"

"ताई, एवढ्या खोलात कोण जातंय. आवाज बघा." त्र्यंबकरावांनी भिंतीवरची एक गिटार काढली, ॲम्पला लावली आणि वरच्या दोन तारांवर काहीतरी टिंगटिंग वाजवलं. "बघा, कसं गोड हाय."

तेजस्वीनं बॅगेतनं स्वतःचा बेस काढला, त्यांच्या हातातली वायर घेतली, आवाजाचं बटण अर्ध्याच्या वर फिरवलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. ॲम्पमधनं फाटक्या टायरसारखा आवाज आला. शोकेसच्या काचा थरथरल्या आणि त्यातल्या दोन बासऱ्या घरंगळल्या.

त्र्यंबकरावांनी झटक्यात बटण खाली आणलं. "हे दुकान हाय, ताई."

"म्हणूनच म्हणतो, मला हॉलमध्ये ड्रमबरोबर ऐकायचंय. सगळे पैसे आत्ता ठेवतो. आवडला तर ठेवतो, न्हायतर उद्या परत."

"तसं कुठं असतंय. आणि दादांचा फोन आलता सकाळी."

"कुठले दादा?"

"उदयदादांचा. म्हणाले, ताई येतील, त्यांना मोठाच दाखवा, बारक्याच्या नादाला लावू नका. ठरवायचं मी बघतो म्हणाले."

तेजस्वीच्या डोक्यात सणक गेली. दुकानात आणखी चार गिऱ्हाईकं होती, त्यात एक बाप आणि गिटार शिकायला निघालेली त्याची मुलगी. ती काही ओरडली नाही. तिचा आवाज उलट बारीक झाला, आणि तो बारीक आवाज ऐकून मोहित दोन पावलं मागं सरकला, कारण तो तिला ओळखत होता.

"काका," ती म्हणाली, "वाजवणार मी, उचलणार मी, पैसे माझे. आणि ठरवणार ते? तुम्ही मला मागचं वाचू दिलं नसतं तरी चाललं असतं, पण मी वाचलं. आता मी इथं खुर्ची टाकून बसतो. दुकान बंद होईस्तोवर जे गिऱ्हाईक येईल त्याला पुढचा आकडा आणि मागचा आकडा वाचून दाखवतो. दुसरं काय बोलणार न्हाय. फक्त वाचणार."

आणि ती खरंच स्टूल ओढून बसली. मुलीचा बाप काउंटरवरच्या एका खोक्याला पालथं घालून त्याच्या मागं काय लिहिलंय ते बघायला लागला.

त्र्यंबकरावांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "कुठला न्यायचा हॉलमध्ये?"

"हा, आणि तो." तेजस्वीनं कोपऱ्यात दोन ड्रमच्या खोक्यांखाली दबलेल्या एका काळ्या चौकोनी पेटीकडं बोट केलं.

"ते? ते चालत न्हाय ताई. दोन वर्षं पडून हाय. त्याला लाईटच न्हाईत."

तिनं ती पेटी बाहेर ओढली. दहा इंचांचे दोन स्पीकर, पुढं काहीच लिहिलेलं नाही, मागं तीनशे वॅट आणि मिक्सरला थेट वायर द्यायची सोय. एका हातानं उचलली गेली.

बुधवारी दुपारी हॉटेलचा हॉल मोकळा होता. मॅनेजर बाळासो सज्जन माणूस, "पाच वाजेपर्यंत काय पण करा" म्हणाला. दिव्यांचा ॲम्प वर न्यायला तीन वेटर लागले. जिन्याच्या वळणावर तो भिंतीला घासला आणि नवीन रंगाचा पट्टा निघाला. काळी पेटी तेजस्वीनं स्वतः आणली. मोहितनं पूर्ण ड्रमसेट मांडला. ऑर्केस्ट्रातली गायिका स्वप्नाली, बावीस वर्षांची, कॉलेज सुटल्यावर तिथंच आली होती. तिलाही तेजस्वीनंच बोलावलं होतं, कारण नुसत्या ड्रमवर आवाजाचा अंदाज येत नाही.

तेजस्वीनं लांब वायर आणली होती. ती वाजवत वाजवत एकेक टेबल मागं जायची, थांबून ऐकायची. दिव्यांचा ॲम्प स्टेजजवळ छातीत दणके देत होता, पण चौथ्या टेबलामागं गेलं की सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर राहत होती. कुठला सूर लागलाय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मोहितनं जोर वाढवला तसा तो फाटला.

मग काळी पेटी लावली. आधी तिनं ती जमिनीवर ठेवली, तेव्हा आवाज थोडा घुमला. खुर्चीवर ठेवली, तिरकी केली, खालचा घुमारा थोडा कमी केला. आणि शेवटच्या टेबलाजवळ, खिडकीला पाठ लावून उभं असताना, तिला मोहितच्या ड्रममधनं स्वतःचा एकेक सूर वेगळा ऐकू आला. चार वर्षांत पहिल्यांदा. ती वाजवायची थांबली नाही, पण तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. एवढं साधं होतं हे. एक बरा ॲम्प, एक खुर्ची.

स्वप्नालीनं एक अख्खं गाणं म्हटलं आणि माईक खाली ठेवत म्हणाली, "ताई, आज मला सूर शोधावाच लागला न्हाय. खालनं कुणीतरी धरल्यागत वाटलं."

गुरुवारी संध्याकाळी सरावाला तेजस्वी स्कूटरवर पायापाशी ती पेटी ठेवून आली. उदयसिंहनं बघितलं आणि विचारलं, "हे काय, लोणच्याची बरणी?"

"ॲम्प."

"मी त्र्यंबकरावला सांगितलंतं..."

"कळलं मला."

बाकीच्यांसमोर उदयसिंहला वाढवायचं नसावं. त्यानं शुक्रवारच्या यादीतलं पहिलं गाणं सुरू करायला सांगितलं. आवाज लावायचं त्याचं आवडतं गाणं ते, उंच पट्टीतलं. एकेकाळी उदयसिंहचा आवाज खरंच देखणा होता, जिल्ह्यात नाव होतं. आता तो बावन्न वर्षांचा होता, गळा पूर्वीइतका वर जात नव्हता, पण पट्टी खाली घ्यायचं नाव काढलं तरी त्याला कमीपणा वाटायचा.

मुखडा बरा गेला. अंतऱ्यात वरच्या सुराला त्यानं हात वर करून आवाज लावला, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम ऐकू आलं की तो सूर खाली लागलाय. थोडासाच. बेसचा सूर खाली सरळ उभा होता, आणि उदयसिंहचा आवाज त्याच्याकडनं ओघळत होता. आधी ते ऐकूच येत नव्हतं, कारण मोजायला काही नव्हतं, खाली नुसती गुरगुर असायची.

उदयसिंह थांबला. "बेस चढलाय. ट्यून कर."

तेजस्वीनं ट्यूनर लावला. हिरवा दिवा लागला. तिनं तो त्याला दाखवला.

"परत घ्या," तो म्हणाला.

परत तेच झालं. तिसऱ्या वेळी तो घाम पुसत म्हणाला, "बेसच चढतोय."

"दादा," तेजस्वी म्हणाली, "बेसला पडदे असत्यात. तार जुळलेली असली की बोट पडद्यामागं पडलं, सूर ठरला. तो अर्धवट चढू शकत न्हाय."

"म्हणजे मी बेसूर गातोय?"

स्वप्नाली जमिनीकडं बघत होती. मोहितनं खिशातला मोबाईल काढला, त्यानं सराव रेकॉर्ड केला होता, नेहमी करायचा. तो वाजवू का असं त्यानं कुणाला विचारलं नाही. वाजवला. अंतरा आला. खोलीत सगळ्यांनी तो उभ्यानं ऐकला.

तेजस्वीला गेल्या वर्षीची एक दुपार आठवली. रजा टाकून ती राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं गेली होती, घरात कुणाला न सांगता. बंद खोलीत हेडफोन घालून, आवाज आला की बटण दाबायचं, अशी तपासणी. डॉक्टर म्हणाले होते, कान उत्तम आहेत. तिचा विश्वास बसला नव्हता. रिपोर्टची फाईल तिनं कपाटात साड्यांखाली दडवून ठेवली होती, जणू काही ती कसला गुन्हा करून आली होती.

"मी कान तपासून आलो, दादा," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यावरनं. डॉक्टरनं चांगले हाईत म्हणून सांगितलं, तरी मला वाटलं, दादा सांगत्यात म्हणजे काहीतरी असंल. आणि शनिवारी चारशे लोकांत तुम्ही..."

उदयसिंहनं पाण्याची बाटली उघडली, प्याला, बंद केली. "आवाज कमी ठेव," तो म्हणाला. "एवढा बेस लागत न्हाय गाण्याला. उद्या सहाला पोचा सगळे."

शुक्रवारी हॉल भरला होता. पहिलाच कार्यक्रम, त्यामुळे हॉटेलच्या मालकाकडचे पाहुणे पुढच्या टेबलांवर. तेजस्वीनं पेटी खुर्चीवर ठेवली, तिरकी केली, मागनं वायर मिक्सरला दिली. साउंडवाल्यानं मिक्सरवरची एक पट्टी सरकवून तिचा आवाज बसवला आणि अंगठा दाखवला.

तिसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात उदयसिंह नाचत नाचत मागं आला, लोकांकडं बघून हसत, आणि जाता जाता त्यानं पेटीवरचं बटण खाली फिरवलं. तेजस्वीनं ते परत वर आणलं. पाचव्या गाण्यात तो पुन्हा आला. तिनं पुन्हा वर आणलं. सातव्या गाण्याच्या आधी तो आला आणि त्यानं आवाज पार शून्यावर नेला, मग माईक तोंडाजवळ धरून म्हणाला, "आमच्या ताईंना आज जरा जास्तच जोर आलाय. काय करणार, नवीन खेळणं हाय."

लोक हसले. यावेळी तेजस्वी हसली नाही.

तिनं बटण जिथं होतं तिथं आणलं. मग दोन पावलं पुढं येऊन स्वप्नालीच्या माईकसमोर उभी राहिली. स्वप्नाली बाजूला झाली.

"आवाज जास्त न्हाय," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज हॉलभर गेला, सरळ, जसा ती प्रयोगशाळेत टँकरचा निकाल सांगायची तसा. "बरोबर हाय. दादा आता जे गाणं म्हणणार हाईत ते अवघड हाय. मी त्यांना सूर देतो. त्यांनी घ्यावा."

ती मागं गेली आणि तिनं गाण्याचा पहिला सूर छेडला. नुसता एक सूर, लांब. तो विरायच्या आत परत छेडला. मोहितनं काठ्या मांडीवर ठेवल्या. कीबोर्डवाल्यानं हात उचलले. शेवटच्या टेबलावरचं एक म्हातारं जोडपं जेवायचं थांबून स्टेजकडं बघत होतं.

उदयसिंहनं वळून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत एवढा संताप होता की एखादीनं वायरच काढून टाकली असती. तेजस्वीनं तिसऱ्यांदा तोच सूर छेडला. तिच्याही नजरेत काही कमी नव्हतं.

त्याला गावंच लागलं. पहिला शब्द खाली लागला, ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं, कारण त्यानं तो तिथंच सोडला, मान झुकवली, ऐकलं, आणि परत लावला. दुसऱ्यांदा तो बसला. मोहितनं ताल धरला. अंतऱ्यात वर जायच्या जागी उदयसिंहनं नेहमीसारखा हात वर केला नाही. त्यानं तो सूर न घेता दुसऱ्याच वाटेनं, खालनं, वळसा घालून ओळ पूर्ण केली, आणि ते इतकं सुंदर झालं की तेजस्वीला वाजवता वाजवता वाटलं, हा माणूस चार वर्षं असं का गायला नाही. तिचा राग त्यानं कमी झाला नाही. उलट वाढला.

टाळ्या खूप पडल्या. उदयसिंहनं वाकून त्या घेतल्या.

सामान उतरवून झाल्यावर पार्किंगमध्ये तो तिला म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी येऊ नको."

"बरं," तेजस्वी म्हणाली. "एकच सांगा दादा. चार वर्षं तुम्हाला माहीत असून मला बेसूर म्हणत होतासा, का खरंच तुम्हाला तसं वाटत होतं?"

उदयसिंहनं गाडीचं दार उघडलं. मग आत बसला, काच वर केली, आणि गेला.

त्यानं कीबोर्डवाल्याकडनंच डाव्या हातानं बेस वाजवून घ्यायला सुरुवात केली. हॉटेलचा कार्यक्रम काही बंद पडला नाही, बाळासो सांगायचा की गर्दी असते. मोहित तीन आठवड्यांनी बाहेर पडला. स्वप्नाली दिवाळीपर्यंत थांबली, मग एक दिवस तेजस्वीच्या दारात येऊन म्हणाली, "ताई, तिथं मला परत सूर शोधायला लागतोय." तिघांनी मिळून शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाच्या बक्षीस समारंभात पहिला कार्यक्रम केला. पत्र्याचा मांडव, समोर चिखल लागलेल्या बुटांचे खेळाडू, आणि भाषणं संपेस्तोवर निम्मे लोक उठून गेलेले. मग एका वाढदिवसाचा आला, मग नृसिंहवाडीच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचा.

मार्चमध्ये उदयसिंहचा फोन आला. तेजस्वी प्रयोगशाळेतनं नुकतीच बाहेर पडली होती.

"तेजू, वीस तारखेला मोठा कार्यक्रम हाय," तो म्हणाला. "कीबोर्डवर ते होत न्हाय. तू ये. तुझा तो डबा घेऊन ये."

तेजस्वीनं स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली.

"मी पट्टी खाली घेतलीय आता," तो म्हणाला. "दोन सुरांनी."

"चांगलं केलंसा."

"मग येतीस?"

"न्हाय दादा."

"अजून राग हाय?"

"हाय," तेजस्वी म्हणाली. "लई हाय. मला वाटलंतं जाईल. जाईना झालाय. तुम्हाला मी त्या दिवशी एक विचारलंतं, त्याचं उत्तर तुम्ही आजबी दिलं न्हाईसा."

पलीकडनं दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी पाइपचा अर्धा इंची एल्बो मागत होतं. "बघतो," उदयसिंह म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तेजस्वी मोहितच्या घरी पोचली तेव्हा स्वप्नाली आधीच येऊन बसली होती. गाड्या लावायच्या शेडमध्ये त्यांचा सराव चालायचा. तेजस्वीनं पेटी खुर्चीवर ठेवली, वायर जोडली आणि पहिला सूर इतक्या जोरानं छेडला की मोहितनं वर बघितलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. घ्या."

"ताई, आज पट्टी पांढरी पाच नको," स्वप्नाली म्हणाली. "अर्धा सूर वर, काळी चार घेऊ. मला वाटतंय, जमेल."

तेजस्वीनं बोट एका पडद्यानं वर सरकवलं आणि तिला सूर दिला.